सतरावं कार्ड

“पहिलीचा वर्ग म्हणजे रोजची वरात आहे बाप्पा, बँड तोच, घोडा तोच, पण नवरदेव रोज नवीन पोट्टं पाहिजे.”

हे वाक्य प्रेमानंद नगराळे याने केंद्राच्या शिक्षण परिषदेत, अकरा शाळांच्या मास्तरांसमोर, हातात समोसा धरून म्हटलं होतं. लोक हसले. एका बाईंनी ते वहीत उतरवूनही घेतलं. प्रेमानंदला त्या दिवशी स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की समोसा खायचा राहिला, आणि मग तो स्कूटरच्या डिकीत तीन दिवस पडून राहिला. डिकी उघडल्यावर त्याला वाटलं, आपल्या विचारांचंही बहुतेक असंच होत असणार.

प्रेमानंदचं वय अठ्ठेचाळीस. राहायला नागपुरात, इंदोऱ्यात, शाळा कोराडीच्या पलीकडे, वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक वळतात त्या फाट्यापासून दीड किलोमीटर आत. चार खोल्या, चार शिक्षक, एक कडुनिंब. शाळेत पोचेपर्यंत त्याच्या मिशा पांढऱ्या झालेल्या असतात, आणि रुमालाने पुसल्या की पुन्हा काळ्या होतात. तरुण होण्याची एवढी स्वस्त सोय दुसऱ्या कुठल्या नोकरीत नाही, असं तो म्हणतो.

पुरुष मास्तराकडे पहिली सहसा जात नाही. पहिलीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून बावीस वर्षांपूर्वी ती दोन महिन्यांसाठी त्याच्या गळ्यात पडली. ते बाळ आता इंजिनिअरिंगला आहे आणि प्रेमानंद अजून पहिलीतच आहे. लग्नाकार्यात कोणी विचारलं, “कितवीला शिकवता जी?” तर तो म्हणतो, “मराठी आणि गणित.” आठवी-नववीचे मास्तर कसे खुर्ची मागे ढकलून बसतात, पहिलीचा मास्तर पंगतीतही शेजारच्या पोराचं नाक पुसून देतो. सवय.

त्याचे आजोबा धोंडबा लहानपणी शाळेच्या ओसरीपर्यंत पोचले होते. आत नाही. छप्पन साली ते नागपूरला येऊन दीक्षा घेऊन परतले आणि दुसऱ्याच दिवशी पोराला हाताला धरून शाळेत बसवून आले. हा प्रसंग प्रेमानंद दर वर्षी विहारात उभा राहून सांगतो, आणि दर वर्षी त्या ओसरीला एकदोन पायऱ्या वाढतात. सध्या त्या नऊ आहेत.

आता त्याच्या पद्धतीबद्दल. कारण तिच्याशिवाय प्रेमानंद म्हणजे नुसती स्कूटर आणि मिशा.

वर्गाच्या दाराजवळ एक कापडी फळा टांगलेला असतो. त्यावर सतरा कप्पे. खाली पुठ्ठ्याच्या पेटीत सतरा कार्डं, प्रत्येकावर एका पोराचं नाव. सकाळी आल्यावर पोरांनी पेटीत हात घालायचा, आपलं नाव शोधायचं आणि आपल्या कप्प्यात खोवायचं. मास्तर हजेरी घेत नाही; पोरं ती लावतात. पेटीत जी कार्डं उरतील ती सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायची, आणि ते पोरगं का आलं नाही हे ज्याला माहीत असेल त्याने उभं राहून सांगायचं. “तारा मामाच्या गावाले गेली.” “रजतले गोवर निघाला.” याच नावांतून अक्षरं काढायची. गोपिकाचा ग, सोनिकाचा स. ओळीने बाराखडी घोटण्यापेक्षा पोराला आपल्या नावाची ओढ जास्त असते, एवढा साधा हिशेब. ही युक्ती जगात आणखी शेपन्नास मास्तरांना सुचली असणार, हे प्रेमानंदला माहीत होतं. पण त्यांच्या बायकांनी त्यासाठी घरातला चांगला पडदा फाडला नसणार.

तो पडदा कौसल्येने फाडला होता आणि कप्पेही तिनेच शिवले होते. “नवरा मास्तर,” ती शेजारणीला सांगायची, “अन् खिडकी उघडीनागडी.”

या सतरा पोरांत मोनाली होती. सहा वर्षांची, बाजूच्या वस्तीतली, दिवाळीनंतर उशिरा दाखल झालेली. तिची आई वंदना कॉलनीत चार घरची धुणीभांडी करायची.

मोनालीला वाचता येत होतं. हे आधीच सांगितलेलं बरं. येत होतं, फक्त ती प्रत्येक अक्षराच्या मालकाला भेटून यायची. ‘ससा’ वाचायचं असेल तर ती मान वळवून सोनिकाकडे पाहायची, ओठ हलवायची, आणि दुसऱ्या अक्षरासाठी पुन्हा सोनिकाकडेच पाहायची. सोनिकाला वाटायचं ही आपल्या रिबिनी पाहते. ती वेणी पुढे घ्यायची. ‘मगर’ आली की मोनाली आधी स्वतःच्या छातीला हात लावायची, मग गोपिकाला शोधायची, मग रजतला. रजत गैरहजर असला तर त्या दिवशी तिचा ‘र’ही गैरहजर. एका मिनिटात तिचे तीन शब्द व्हायचे, तेही पट भरलेला असेल तर.

प्रेमानंदच्या पद्धतीवर जगात कोणाची अढळ श्रद्धा असेल तर ती या पोरीची. बाकी सोळांनी ती पद्धत शिडीसारखी वापरली आणि वर चढल्यावर सोडून दिली, जशी ती सोडायला हवी होती. मोनाली शिडीवरच घर करून बसली होती. तिला खाली न पाडता वर कसं घ्यायचं, हे प्रेमानंदला सुचत नव्हतं. तो तिच्याजवळ बसायचा, हनुवटीला धरून तिचा चेहरा पुस्तकाकडे करायचा, आणि हात काढला की मान पुन्हा सोनिकाकडे. अकरा शाळांना शहाणं करायला निघालेल्या माणसाला हे न सुचणं बरं दिसत नव्हतं, म्हणून त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

आणि अकरा शाळांची गोष्ट खरोखरच निघाली होती. विस्तार अधिकारी भैरवी घाटे मॅडमनी शिक्षण परिषदेत त्याच्या फळ्याचे फोटो पाहिले होते. मॅडम नागपूरच्या महाल भागातल्या, बोलणं मोजकं आणि स्वच्छ, अकरा वर्षं स्वतः वर्गावर काढलेली. त्या म्हणाल्या, “नगराळे सर, मी बुधवारी येते. वाचन चाचणी घेऊ आणि तुमची हजेरीही पाहू. वर्ग शंभर टक्के आला तर जूनपासून ही पद्धत केंद्रातल्या अकराही शाळांत नेऊ. कमी आला तर मात्र वरच्यांना पटवणं मला अवघड जाईल.”

प्रेमानंदने त्या रात्री गणित केलं नाही. ते आपोआप झालं. सतरातलं एक गेलं की चौऱ्याण्णव.

मंगळवारी दुपारी मुख्याध्यापक कृष्णकांत सरांनी त्याला चहाला बोलावलं.

“वंदनाची पोट्टी कुठवर आली गा?”

“वाचते. जरा हळू.”

“हळू म्हणजे?”

“वर्गाकडे पाहून वाचते.”

“मंग मॅडम काय वर्गाकडे पाहतीन? त्यायचा मोबाइल मिनिट मोजून राहीन.” कृष्णकांत सरांनी बशीत चहा ओतला. “हे पाहा प्रेमानंद, हे सारेच करतात. एका दिवसाची गोष्ट आहे. आजारी लेकरू चाचणीत धरत नाहीत. पोट्टी पटावर राहते, मोजणीत राहत नाही. तिचं काय बिघडते?”

प्रेमानंदने विरोध केला. साधारण एका कप चहाइतका. चहा संपला तेव्हा विरोधही संपला होता, आणि कप त्याने स्वतःच विसळून ठेवला.

शाळा सुटल्यावर तो वस्तीत गेला. वंदना नळावर होती. बायकांची रांग, हंडे, प्लास्टिकचे डबे. अनिशची आईही तिथेच पाणी भरत होती आणि अनिश तिच्या हंड्याभोवती उड्या मारत होता. मास्तर दिसल्यावर बायकांनी पदर सारखे केले. प्रेमानंदने घसा साफ केला. वर्गात त्याचा आवाज तिसऱ्या खोलीपर्यंत जातो. इथे तो त्याच्या कॉलरपर्यंतच आला.

“ताई, उद्या मोनालीले नका पाठवू.”

“काहून जी सर? सुट्टी आहे?”

“सुट्टी नाही. मोठ्या मॅडम येऊन राहिल्या. चाचणी आहे. एकच दिवस.”

वंदनाने हंडा सरकवला. नळाची धार थोडा वेळ नुसतीच जमिनीवर पडली.

“हाव जी,” ती म्हणाली. “समजलं.”

हे ‘समजलं’ प्रेमानंदला नको होतं. तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर त्याला तिची समजूत घालता आली असती, आणि समजूत घालण्यात त्याचा हातखंडा होता. पण तिने हंडा डोक्यावर घेतला. तिच्यामागे मोनाली उभी होती, ओला फ्रॉक पिळत.

“सर, मंग उद्या माह्यं कार्ड कोण लावन?”

“उद्या कार्डं लावायचीच नाहीत बेटा. कोणाचीच नाहीत.”

“हाव?” ती म्हणाली, आणि तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. कोणाचीच नाहीत म्हटल्यावर मग काही हरकत नव्हती.

परतताना त्याला आजोबांची ओसरी आठवली. खरं तर आठवायला लागली, तेवढ्यात त्याने एका ट्रकला मागे टाकायला स्कूटर जोरात काढली. राख डोळ्यांत गेली आणि पुढचा रस्ताभर त्याला डोळे पुसायला एक सभ्य कारण मिळालं. घरी तो आरशासमोर उभा राहून उद्याचं प्रास्ताविक म्हणत होता, तेव्हा कौसल्या दारातून म्हणाली, “आरशाले काय शिकवून राहिले जी? तो त उलटंच पाहते.”

बुधवारी तो सगळ्यांच्या आधी शाळेत पोचला. पेटी उघडली. मोनालीचं कार्ड काढलं. ते कोपऱ्यात मऊ झालं होतं. ती ते रोज खोवण्याआधी गालाला लावायची. कार्ड त्याने शर्टाच्या खिशात टाकलं, खिशाचं बटन लावलं, आणि बटन नीट लागलं का हे दोनदा पाहिलं. पहिलीवर बावीस वर्षं काढलेल्या मास्तराने चोरी केलीच तर काय करणार? पुठ्ठ्याचा तुकडा.

मॅडम साडेअकराला आल्या. “आधी चाचणी उरकू,” त्या म्हणाल्या, “मग तुमची हजेरी निवांत पाहते.” पोरं सकाळपासून पेटीभोवती घोटाळत होती, “सर, आज कार्डं नाई?” म्हणून प्रत्येकाने तीनतीनदा विचारलं होतं. ती चटयांवर बसली. मॅडमनी मोबाइल समोर ठेवला आणि एकेकाला बोलावलं. गोपिकाने वाचलं, रजतने वाचलं, सोनिकाने वेणीशी खेळत वाचलं. अनिश तर इतक्या धडाक्याने सुटला की उतारा संपल्यावर खालचा पानाचा क्रमांकही वाचून मोकळा झाला. सोळांपैकी सोळा. दाराशी उभ्या असलेल्या कृष्णकांत सरांनी प्रेमानंदकडे पाहून पापणी लववली.

मग कार्डं. पोरांनी पेटीवर झडप घातली. ढकलाढकली, “हे माह्यं आहे ना बे!”, कप्प्यात कार्ड शिरताना जिभा बाहेर. दोन मिनिटांत फळा भरला. मॅडमनी वाकून पेटीत पाहिलं.

“रिकामी! म्हणजे आज सगळे हजर. सुंदर. नगराळे सर, मला यात सगळ्यात काय आवडलं सांगू?”

“मॅडम,” सोनिका म्हणाली, “एक कप्पा खाली आहे.”

कार्ड काढण्याइतकी अक्कल प्रेमानंदला होती. कप्पा मात्र कौसल्येने दुहेरी धाग्याने शिवला होता.

“मोनालीचं कार्ड हरपलं!” तारा ओरडली, आणि वर्ग उठला. कार्ड हरवलं तर सगळ्यांनी शोधायचं, हा नियमही प्रेमानंदनेच घालून दिलेला. दुसऱ्याचं नाव आपल्या नावाइतकंच जपायचं, असं त्यावर त्याचं पाच मिनिटांचं भाषणही होतं. पोरं चटया उचलायला लागली. दप्तरं उलटी झाली. पेन्सिली, कच्चे आवळे, एका डब्यातली पोळी बाहेर आली. “मोनाली, मोनाली,” अशा हाका पोरं मारत होती, जणू कार्ड ओ देणार होतं. कृष्णकांत सरांनी केराची टोपली उपडी केली. आणि भैरवी घाटे मॅडम, विस्तार अधिकारी, साडीचा पदर खोचून गुडघ्यांवर बसल्या आणि टेबलाखाली पाहू लागल्या.

सगळे शोधत असताना एकट्याने उभं राहणं बरं दिसेना, म्हणून प्रेमानंदही शोधायला लागला. तो पोटावर झोपला. कपाटाखाली खांद्यापर्यंत हात घातला. खिशातलं कार्ड फरशीवर दाबलं जाऊन त्याच्या बरगडीला टोचत होतं, आणि तो ते कपाटाखाली शोधत होता. एक खडू मिळाला, एक वाळलेली पाल मिळाली. “इथे नाही,” त्याने जाहीर केलं. आवाजात खरी काळजी होती. आपण नाटकात जायला हवं होतं, असं त्याला जमिनीवर पडल्या पडल्या वाटून गेलं.

“आपआपला खिसा पाहा रे आधी!” सोनिकाने मास्तरच्या आवाजात हुकूम दिला. पोरांनी खिसे बाहेर काढले. मॅडमनी हसत पर्स उघडून दाखवली. कृष्णकांत सरांनीही पँटचे खिसे उलटे केले. त्यातून सुपारी पडली.

“सर,” अनिश म्हणाला, “तुमचा राहिला.”

प्रेमानंदने बटन काढलं. ते लागायला जितकं सोपं गेलं होतं तितकं निघायला गेलं नाही. कार्ड बाहेर आलं. मॅडमनी टाळी वाजवली.

“तुम्ही लपवलं होतंत! अहो, काय कल्पना आहे! एका नावासाठी सगळा वर्ग कामाला लागला. किती वेळा उच्चारलं त्यांनी ते!” त्यांनी वही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, “हरवलेल्या नावाचा खेळ. हे अकराही शाळांत गेलंच पाहिजे.”

पोरांनीही टाळ्या वाजवल्या. कृष्णकांत सरांनी सगळ्यात जोरात. प्रेमानंदच्या चेहऱ्यावर एक हसू आलं. त्याने ते आणलं नव्हतं, ते आपलं आपणच येऊन बसलं, नको असलेल्या पाहुण्यासारखं. आणि भयंकर हे की त्या क्षणी, अर्ध्या क्षणापुरतं, त्याला नावही आवडलं. हरवलेल्या नावाचा खेळ. पाटीवर शोभेल.

“पण मॅडम, आता कोणीतरी सांगा लागते ना,” सोनिका म्हणाली, “मोनाली काहून नाई आली ते.”

“हो की! कारण सांगायचं असतं. कोणाला माहीत आहे?”

“मले!” अनिश उभा राहिला, हात मागे बांधून, शिकवलं होतं तसा. “मोनाली आज नाई आली, कारण की सरनं तिच्या आईले सांगतलं, पाठवू नका. काल, नळावर. मी होतो तिथी.” आणि वाक्य पूर्ण झालं म्हणून तो खाली बसला.

“अरे, तिले ताप आहे लेका,” कृष्णकांत सर म्हणाले. “ताप असला म्हणजे सांगाच लागते.”

“नाई जी. चांगली आहे ते. सकाळी लंगडी खेळून राहिली होती.”

मॅडमची वही बंद झाली. त्यांनी कृष्णकांत सरांकडे पाहिलं नाही. अकरा वर्षं वर्गावर काढलेल्या बाईला असं काही नवीन नसावं. त्यांनी पर्समधून चाचणीचा तक्ता काढला, टेबलावर पसरला, आणि पोरांना ऐकू जाणार नाही इतक्या खाली बोलल्या.

“सर, आजारी मूल वगळता येतं. सतरा लिहायचे की सोळा, ते वर्गशिक्षकाच्या सहीवर असतं. तुम्ही लिहाल ते मी पुढे पाठवते. मी विचारणार नाही.”

त्यांनी पेन पुढे केलं. आवाजात टोमणा नव्हता; असता तर बरं झालं असतं. तक्त्यात एक चौकोन कोरा होता. त्यात सोळा लिहिलं की शंभर होत होते, अकरा शाळा होत होत्या, कौसल्येचा पडदा अकरा ठिकाणी टांगला जात होता. एरवी प्रेमानंदकडे बोलायला केव्हाही काही असायचं. लेकराचा कल, शिकण्याचा वेग, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं; पंचेचाळीस मिनिटांचं भाषण तर तो झोपेतही देऊ शकला असता. ते सगळं त्याच्या तोंडाशी आलंही. पहिलंच वाक्य फार छान होतं.

त्याने पेनाला टोपण लावलं आणि ते कोऱ्या चौकोनावर आडवं ठेवलं. पोरं पाहत होती. कृष्णकांत सर दारातून म्हणाले, “प्रेमानंद, काय करून राहिला गा? सही त करून दे.” त्यांच्या बाजूने तो ओसरीत आला, तिथल्या सोळा जोड लहान चपलांतून आपल्या दोन शोधल्या, पायांत घातल्या, आणि ऑफिसकडे न वळता, उन्हातून मैदान ओलांडत, मोनालीच्या वस्तीकडच्या फाटकातून बाहेर पडला.